पाठ कुणाची?

भिलाईच्या कारखान्यात रूळ सरळ करताना पोलादाला विचारावं लागत नाही. मुलीच्या वाकलेल्या कण्याचं तसं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक, वाढ पूर्ण होईपर्यंत, ५० अंशांच्या आत राहिला. न लावलेल्या ४८ टक्क्यांचाही राहिला. म्हणजे काही जण तो जाच विनाकारण सोसतात. कोण, हे आधी कळत नाही. मात्र ब्रेस जितके तास अंगावर, तितका गुण अधिक. म्हणून मुलीचा होकार हा उपचाराचाच भाग ठरतो. शस्त्रक्रियेत सांधलेले मणके पुन्हा सुटे होत नाहीत. तेव्हा थांबणं सुरक्षित आहे तोवर तो निर्णय तिच्यासाठी राखून ठेवणं, हेही आईबापांचं कर्तव्यच.