कोळ्ळिडमकाठची वाटणी

तिरुवैयारु म्हटले की त्यागराजांची समाधी आणि पौष वद्य पंचमीची आराधना आठवते. पण युद्धकाळातल्या साहित्यातील नैतिक संदिग्धतेवर निबंध लिहायला बसलेल्या मराठी विद्यार्थ्याने या गावाहून कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे पाहावे. उत्तर काठावर तिरुमळपाडी आहे, आपल्या इतिहासातले तिरुमलवाडी. नंदीच्या लग्नसोहळ्यासाठी तिरुवैयारुचा ऐयारप्पर देव दरवर्षी तिथे जातो. जुलै १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिथेच भेटले. महाराजांनी शहाजीराजांच्या दौलतीतला निम्मा वाटा मागितला. बोलणे फिसकटले, आणि एका रात्री व्यंकोजी गुपचूप नदी उतरून तंजावरला निघून गेले. नोव्हेंबरात वालिकंडपुरमला दोघांच्या फौजा भिडल्या. महाराजांच्या बाजूने लढणारे संताजी भोसले हेही शहाजीराजांचेच पुत्र.

निबंधाचा नेहमीचा आराखडा ठरलेला असतो: युद्ध वाईट, माणसे गुंतागुंतीची, दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर. असा आराखडा कुठल्याही पुस्तकाला लागू पडतो, म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा ज्यावर वाद नाही, ते आधी लिहून काढावे. कारण माहितीची उणीव वेगळी आणि नैतिक पेच वेगळा. कागद सापडला की उणीव भरून निघते; पेच मात्र सगळे माहीत असूनही सुटत नाही.

इथला पेच असा. वडिलांच्या मिळकतीत भावाचा वाटा असतो, हा महाराजांचा आधार. रिवाजाने तो भक्कम होता. पण शहाजीराजे वारले १६६४ मध्ये, आणि तंजावर व्यंकोजींच्या हाती आले त्यानंतर दशकभराने. मग ते वडिलांचे की स्वतः कमावलेले? ते मिळवणारी फौज वडिलांच्या जहागिरीवर पोसलेली होती, असे म्हटले की पारडे पुन्हा फिरते.

आता मजकुराकडे वळावे. लढाईनंतर व्यंकोजींना लिहिलेल्या पत्रात महाराज दुर्योधनाची आठवण काढतात. भाऊबंदकीला महाभारताची चौकट दिली की कौरव कोण हे न सांगता ठरते. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून जिंजीत लिहिली गेली, मोगली वेढ्याच्या काळात. महाराष्ट्रातून हुसकावल्या गेलेल्या दरबाराला धीर देणारा चरित्रनायक तेव्हा हवा होता. तिसरा मजकूर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आहे: १८०३ मध्ये सरफोजी दुसरे यांनी कोरून घेतलेला मराठी भोसले वंशेतिहास. तो लिहवणारे व्यंकोजींचे वंशज, आणि तोवर राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. कोण लिहितो, केव्हा लिहितो आणि त्याला काय टिकवायचे आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक मजकुराला विचारले की निबंधाचा मधला भाग उभा राहतो.

एवढ्यावर थांबले तर निबंध नीटस होईल, पण अपुरा राहील. दोन भावांच्या वाद-प्रतिवादात तिसरा हक्कदार दिसेनासा होतो. आदिलशाहीने व्यंकोजींना पाठवले होते ते मदुरेकरांच्या ताब्यातून तंजावर सोडवून नायक घराण्याच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी. पुढे गादीवर स्वतः व्यंकोजीच बसले. त्या वारसाला निबंधात जागा दिली की ‘वाटा कोणाचा’ हा प्रश्न ‘मुळात मालकी कोणाची’ इथवर मागे सरकतो. शिवाय ज्या खोऱ्यातून फौजा गेल्या तिथल्या भातशेतकऱ्याचे म्हणणे भावांच्या पत्रव्यवहारात शोधून सापडणार नाही. युद्धाच्या साहित्यात दोन बाजू समतोल दिसू लागल्या की बाहेर कोणाला ठेवले आहे, ते तपासावे.

शेवटी मत मात्र द्यावेच लागते. ‘वाचकाने ठरवावे’ हे वाक्य विद्यार्थ्यांना फार आवडते. बहुतेक वेळा ती पळवाट असते. माझे मत असे: महाराजांचा दावा भावापुरता न्याय्य होता, तंजावरच्या बाबतीत दोघांचाही हक्क तलवारीचाच होता. पुढच्या तहात बंगळूरचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला गेला. हक्क कोणाचा, याचा निवाडा न करता नाते सांभाळले गेले. तहाला तेवढे पुरते. निबंधाला तो निवाडा टाळता येत नाही.