अजून किती दिवस?
१८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखेर्न गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी येणार, असा मुलांनी धोशाच लावला, तेव्हा त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजची एक छोटी तांबडी, रविवारची मोठी पांढरी. आज जर्मनीतल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या वर्गांत त्याच चाकाचं चार मेणबत्त्यांचं हिरवं रूप दिसतं.

या वर्गांत मराठी घरांतली मुलंही बसतात. ६ डिसेंबरला, संत निकोलाउसच्या दिवशी, बुटात सापडलेले अक्रोड आणि संत्रं दाखवायला त्यांतलीच एक नात भारतातल्या आजीला व्हिडिओ कॉल लावते. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे. ती नुकतीच शाळेतून आलेली, इकडे आजीची जेवणाची वेळ झालेली. तरी आजी ताट बाजूला ठेवून सगळं ऐकते. ही ऐकून घेणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

६ जानेवारीच्या सुमारास तिथली मुलं राजांच्या पोशाखात गात दारोदार जातात, जगभरातल्या गरजू मुलांसाठी पैसे जमवतात. मागोमाग आपली संक्रांत. नातीला वर्गात तिळाच्या वड्या वाटायच्या आहेत. तीळ आई तिथेच आणेल, गुळाचा पाक कधी उतरवायचा ते आजी फोनवरून सांगेल.