सोडून देणारे दाते

पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्याला वर्षही झाले नव्हते. इंग्लंडमधल्या त्यांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले सर दोराबजी टाटा जून 1932 मध्ये वाटेतच, जर्मनीत वारले. मूलबाळ नव्हते. निघण्यापूर्वी त्यांनी टाटा सन्समधले आपले समभाग, जमीनजुमला आणि पत्नीचे दागिने एका विश्वस्त निधीच्या नावे लिहून दिले होते. सगळे मिळून त्या काळचे सुमारे एक कोटी रुपये. त्या दागिन्यांत ज्युबिली हिराही होता. 1924 मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नव्हते, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली, तीत हा हिरा होता. विश्वस्तांनी पुढे तो विकून टाकला.

देणगीच्या आकड्यापेक्षा मला त्या विश्वस्तपत्राचा मोकळेपणा मोठा वाटतो. पैसा अमुक गावात, अमुक जातीच्या लोकांसाठी, अमुक कामालाच लावावा असे बंधन दोराबजींनी घातले नाही. धाकटे बंधू सर रतन 1918 मध्ये गेले, तेही निपुत्रिक. त्यांच्या मृत्युपत्रात तर आणखी पुढची सूचना होती: समाजाच्या स्थितीचा जाणकारांकडून अभ्यास करून घ्यावा, त्यातून व्यवहार्य योजना आखाव्यात आणि काम ठरीव, साचेबद्ध दृष्टीने पाहू नये. अग्यारी, घाट, धर्मशाळा, पाणपोया बांधणाऱ्या दानशूरांच्या मुंबईत ही अपेक्षा नवी होती. दात्याने आपल्या हयातीतली गरज भावी पिढ्यांवर लादली नाही. ती शोधण्याची जबाबदारी त्याने विश्वस्तांवर टाकली.

वडील जमशेदजींचा कल वेगळा होता. हुशार तरुणांना पुढे आणले की देश पुढे जाईल, असा त्यांचा विश्वास. 1892 मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, ही आपण मराठी माणसांनी विसरू नये अशी गोष्ट. पण या विचाराची मर्यादाही उघड आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंतच जो पोहोचू शकत नाही, त्याचे काय?

त्याचे उत्तर नागपाड्यात मिळाले. तिथल्या दाट वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नेबरहूड हाउस चालवत होते. गरिबांमध्ये काम करायला सद्भावना पुरत नाही, शिकलेली माणसे लागतात, हे त्यांनी विश्वस्तांना पटवले आणि 1936 मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा तिथेच सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’, ती हीच. 1941 मध्ये परळला कर्करोगाचे रुग्णालय उघडले. 1944 मध्ये होमी भाभांनी विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली आणि पुढच्याच वर्षी ती उभी राहिली. अणुशास्त्राचा दोराबजींच्या दानपत्राशी काय संबंध, असे कोणी विचारले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती 1957 ची घटना. परळचे रुग्णालय विश्वस्तांनी केंद्र सरकारच्या स्वाधीन केले. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. नाव टाटांचे राहिले, कारभार राहिला नाही. आपल्याकडे देवस्थानापासून शिक्षणसंस्थेपर्यंत संस्थापकाचे घराणे खुर्ची सोडायला सहसा तयार नसते. काढलेली संस्था म्हणजे वारशाची इस्टेट, हा आपला अलिखित नियम. इथे मात्र बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतचे रुग्ण ज्या दारात येतात, त्या दाराचा ताबा एका कुटुंबाने सरकारला देऊन टाकला. एवढ्या रुग्णांचा भार कोणत्याही घराण्याच्या तिजोरीला कायमचा पेलणारा नव्हता, हे त्यांनी वेळीच ओळखले.

पुढे या न्यासांचे काम पुन्हा बदलले. मोठ्या संस्था काढण्याऐवजी स्वयंसेवी संस्थांना अनुदाने आणि मग स्वतःच राबवलेले कार्यक्रम अशी वाट धरली गेली. शेतकरी आत्महत्यांच्या काळात विदर्भात ‘सुखी बळीराजा’ उपक्रम झाला. आसामात राज्य सरकारच्या भागीदारीत कर्करोग रुग्णालयांचे जाळे विणले गेले. त्यातल्या सात रुग्णालयांचे उद्घाटन एप्रिल 2022 मध्ये झाले. रुग्णाने परळला येण्यापेक्षा उपचार त्याच्या जिल्ह्यात जावेत, हा विचार मला पूर्ण पटतो. परळच्या पदपथावर मुक्काम करून केमोथेरपीच्या तारखेची वाट पाहणारी कुटुंबे ज्याने पाहिली, त्याला तो पटायलाच हवा.

तरीही या नव्या पद्धतीत एक धोका आहे, आणि तो टिसमध्येच समोर आला. जून 2024 च्या अखेरीस तिथल्या शंभराहून अधिक अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि अनुदानाची मुदतवाढ ठरलेली नव्हती. न्यासाने निधी देण्याची तयारी दाखवल्यावर नोटिसा मागे घेतल्या गेल्या. यात संस्थेचा, सरकारचा, न्यासाचा कोणाचा किती दोष, हा वाद होऊ शकतो. पण शिकवणाऱ्यांची भाकरी मुदतीच्या प्रकल्पावर टांगलेली होती, हे नाकारता येत नाही.

मुदतीचे अनुदान हिशेबाला सोयीचे असते. काम नीट झाले नाही तर थांबवता येते, पैसा दुसरीकडे वळवता येतो. विहिरी, बियाणे, तपासणी शिबिरे यांना ते योग्यच. अध्यापन आणि संशोधन मात्र तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांत होत नाही. विद्यार्थी घडवायला आणि एखाद्या वस्तीचा अभ्यास करायला दशके लागतात. शिवाय दरवेळी अनुदान वाढवून देणारा दाता दारातून कधी हलतच नाही, संस्थेची मान कायम त्याच्या हातात राहते. 1957 मध्ये विश्वस्तांनी जे सोडले, ते अशा अनुदानांतून नकळत परत हाती येते.

आज टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के समभाग या न्यासांकडे आहेत. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाची मालकी हाती असली की विश्वस्तांचे लक्ष कंपनीच्या कारभारात गुंतणे स्वाभाविक आहे. पण लाभांश वाढत असताना त्यातला एक वाटा कायम निधी म्हणून बाजूला काढून संस्थांच्या हवाली करणे त्यांना अशक्य नाही. मेहरबाईंच्या स्मरणार्थ 1932 मध्येच स्थापलेला न्यास रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाला आजही मदत देतो, तो अशाच राखून ठेवलेल्या भांडवलाच्या उत्पन्नावर. टिसमधल्या अनुदानावर चालणाऱ्या अध्यापकपदांसाठी तसा निधी उभारावा, तो संस्थेच्या नावे करावा आणि त्यावरचा आपला हक्क विश्वस्तांनी लेखी सोडावा.