पितळेच्या भावाने सोने

जुनी पुस्तके व जुने कागद जमविणे हा एक निरुपद्रवी छंद आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पत्त्यांच्या डावापेक्षा तो बरा, आणि घरच्या मंडळींस त्रास एवढाच की कपाटे अपुरी पडतात! आम्हांस हे मत मान्य नाही. ज्या व्यवहारात विकणारा एक वस्तू विकतो आणि घेणारा दुसरीच घेतो, तेथे नीतीचा प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही; आणि दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन पडलेल्या मराठी माणसापुढे तर तो फारच टोकदारपणे उभा राहतो.

दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. पन्नासांहून अधिक वर्षे तो पदपथावर भरे. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथून उठला आणि असफअली मार्गावरील महिला हाटात गेला. तेथला बहुतेक माल छापील. हस्तलिखित कागद पाहावयाचे तर जामा मशिदीच्या आसपास आणि शहरात इतरत्र विखुरलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत डोकवावे लागते. फारसी फर्मानाची किंमत तेथील दुकानदारास कळते, उर्दू कागदाचीही कळते. मोडी कागद मात्र त्याच्यापुढे मुका असतो. ती बनियांची मुडिया असावी असे समजून तो त्यास हिशेबाच्या वह्यांत टाकून देतो. मोहोर आहे की नाही, कागद केवढा, कसर किती लागली, यांवर भाव ठरतो. अशा गठ्ठ्यातील एखादे पत्र आपणांस लागले, मायन्यातील नाव व खालची तिथी पाहून ते राजकारणाचे आहे हे उमगले, तर दुकानदारास ते सांगावे काय?

प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन पंडित सिसेरो याने कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात जवळजवळ हाच पेच आहे. एखादा मनुष्य पितळ समजून सोने विकीत असेल, तर सज्जनाने त्यास सावध करावे की हजाराची वस्तू एका नाण्यास घेऊन चालते व्हावे? यावर दोन स्टोइक आचार्यांचे मतभेद त्याने नोंदविले आहेत. डायोजेनिस म्हणे, जे सांगण्यास कायद्याने बांधलेलो नाही ते न सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे. अँटिपेटर म्हणे, माणसाने माणसापासून काही लपवूच नये. सिसेरोचा कल उघडच दुसऱ्याकडे आहे.

आम्हांस मात्र सोन्याचा दृष्टान्त येथे पुरता लागू पडत नाही असे वाटते. सोने हे कोणी ओळखो वा न ओळखो, सोनेच असते. मोडी पत्राचे तसे नाही. ते वाचणारा भेटेपर्यंत खरोखरच रद्दी असते. त्याचे मोल वाचणाऱ्याने वर्षानुवर्षे डोळे शिणवून मिळविलेल्या विद्येतून निघते. मग त्या विद्येचा मोबदला दुकानदारास का द्यावा? युक्तिवाद बिनतोड आहे खरा. पण प्रत्येक संग्राहक तो ज्या तत्परतेने पुढे करतो, ती पाहूनच आम्हांस त्याचा संशय येतो. कारण विद्येचा मोबदला म्हणून स्वस्तात घेतलेला कागद पुढे दहापट किमतीस विकला, किंवा कपाटात कुलूपबंद केला, तर विद्येने जे निर्माण केले ते विद्येच्या कामी आलेच नाही.

येथे राजवाड्यांचे स्मरण होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे असे बावीस खंड झाले. घरोघरी जावे, कागद दाखविल्यास आपले वतन जाईल या भयाने दार लावून घेणाऱ्यांची मनधरणी करावी, मिळेल ते नकलून घ्यावे आणि छापून मोकळे व्हावे, हा त्यांचा क्रम. मूळ कागद आपल्या मालकीचा असावा, यापेक्षा त्यातला मजकूर सर्वांचा व्हावा ही त्यांची ओढ मोठी होती. पारसनिसांनी छापलेली हिंगण्यांची दिल्लीची पत्रे आज कोणासही वाचावयास मिळतात ती छापली गेली म्हणूनच. (हे हिंगणे म्हणजे पेशव्यांचे येथील वकील, आपल्या आधी दिल्लीत बदलीवर आलेली मंडळी, असे म्हणावयास हरकत नाही!) तेव्हा किमतीबाबत मौन पाळणाऱ्यास एक वेळ क्षमा करता येईल, मजकुराबाबत मौन पाळणाऱ्यास नाही.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आणि आमच्या मते अधिक घातक आहे. जुने दप्तर रुमालात बांधलेले असते. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरून तो का लिहिला गेला हे कळते. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको: फायलीतून सुटलेला टिपणीचा एक ताव हाती आला तर त्यावरून कोणता निर्णय करता येईल? व्यापारी रुमाल सोडतो, मोहोरेचे कागद निराळे काढतो, उरलेले किलोवर देतो. चित्रे व नकाशे सुटे विकण्यासाठी चांगली पुस्तके उसवली जातात. जुन्या फारसी-उर्दू पोथ्यांच्या पानांवर नवे राजे-राण्या रंगवून ती पाहुण्यांच्या गळ्यात मारली जातात. हे सारे घेणारा आहे म्हणून चालते. एक सुंदर सुटे पान विकत घेऊन 'आपण ते वाचविले' म्हणणाऱ्याने उरलेल्या रुमालाचे काय झाले, हेही विचारावे.

यावर कोणी म्हणेल की सर्व सरकारने घ्यावे. कायदे आहेतच. १९७२ च्या कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे कागद पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि खाजगी माणसास ते परदेशी धाडता येत नाहीत. सार्वजनिक अभिलेखांसाठी १९९३ चा निराळा कायदा आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०१२ साली गांधीजी व कालेनबाख यांचे कागद लंडनमधील लिलावाआधीच भारत सरकारने विकत घेऊन राष्ट्रीय अभिलेखागारात आणले, हे उत्तमच झाले. परंतु सत्तेच्या हाती पडल्याने कागद पवित्र होतो असेही नव्हे. त्याच अभिलेखागारातील १८५७ चे दिल्लीचे कागद, ज्यांत हलवायापासून भिकाऱ्यापर्यंत सामान्य जनांचे अर्ज आहेत, ते इंग्रजांनी जमविले ते बादशहावरील खटल्यास पुरावा म्हणून. हेतू असा, आणि त्यामुळे वाचले ते असे! तर लाल किल्ल्यातील ग्रंथालयाचा उरलेला मोठा भाग हिंदुस्थान सरकारने १८५९ साली लुटीच्या विक्रीत घेतला आणि १८७६ साली तो लंडनला गेला. तेथे तो नीट आहे, आणि दिल्लीत नाही. हेतूवरून कागदाचे भवितव्य ठरत नाही. पण घेणाऱ्याचे शील मात्र हेतूवरूनच ठरते, ही दोन विधाने एकत्र नांदतात.

आता प्रश्नाने नवेच वळण घेतले आहे. दुकानदार कागदाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवून मोडी जाणणाऱ्यास विचारू लागला आहे, "साहेब, यात काय लिहिले आहे?" सिसेरोचा अजाण विक्रेता नाहीसा होत आहे. खरे सांगावे तर भाव चढतो आणि संस्थेच्या आवाक्याबाहेर जातो. खोटे सांगणे तर डायोजेनिसलाही मान्य नव्हते. आम्ही खरे ते सांगतो, आणि मोबदला म्हणून एकच मागतो: कागद कोणासही विका, पण सबंध गठ्ठ्याची छायाचित्रे, रुमाल सोडण्यापूर्वी, ज्या क्रमाने कागद असतील त्या क्रमाने घेऊ द्या. काहीजण ऐकतात. बाकीचे हसून दुसऱ्या जाणकाराचा क्रमांक शोधू लागतात.