वरात उंबऱ्यापर्यंत

शास्त्रपाठ : २ शमुवेल ६:१२-२३, लूक १५:२५-३२



मागे एकदा येळ्ळूर येथील एका लग्नास आम्ही गेलो होतो. सकाळी बेळगावातील उपासनामंदिरात विवाहविधी झाला. सायंकाळी राजहंसगडाजवळच्या त्या गावी, वराच्या घरापासून थोड्या अंतरावर घातलेल्या मांडवात स्वागत समारंभ झाला. गीते झाली, प्रार्थना झाली, जेवणे उरकली. आता नवरीला घरी न्यायचे तेवढे राहिले होते. इतक्यात वराच्या मित्रांनी लेझमी बाहेर काढल्या, एकाने हलगी आणली, आणि वरात नाचत न्यायची असे ठरले.

मांडवात लगेच दोन पक्ष पडले. मंडळीचे एक वडील म्हणाले, "सकाळी देवासमोर शपथा घेतल्या आणि रात्री रस्त्यावर नाचायचे? हे आपल्याला शोभत नाही." तरुण म्हणाले, "आमच्या आनंदात पाप काय आहे?" खरे सांगायचे तर आम्हीही मनातून वडिलांच्याच बाजूचे होतो. पण त्या दोन्ही पक्षांत नसलेले एक वृद्ध गृहस्थ कोपऱ्यात खुर्ची फिरवून पाठमोरे बसले होते. ते वराचे आजोबा. आम्ही जवळ जाऊन विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आमी सारा जन्म दुसऱ्याच्या वरातीम्होरं वाजवलं. आपली वरात त्या वाटंनं कधी गेली न्हाई. येशूच्या घरात आलो त्या दिशी हलगी खुंटीला लावली. आता ती पुन्यांदा कशाला?"

त्या उत्तराने आम्ही गप्प झालो. हलगीविषयी आपण मत देतो, पण तिचा इतिहास विसरतो. आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील पूर्वज गावगाड्यात होते. यात्रा असो, मयत असो, पाटलाच्या घरचे लग्न असो, सांगावा आला की वाजवायला जायचे आणि मिळेल ती भाकरी पदरात घ्यायची. ती कला होती, पण सक्तीची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले, ते अशाच वेठीचे जोखड मोडण्यासाठी. प्रभूकडे आलेल्या आपल्या वाडवडिलांनी वाद्य खाली ठेवले, ते संगीताच्या द्वेषाने नव्हे. मान ताठ करून उभे राहण्यासाठी त्यांनी ते ठेवले. पुढे कारण विसरले गेले आणि नियम तेवढा उरला, की ख्रिस्ती माणसाने वाजवू नये, नाचू नये.

पवित्र शास्त्र असा नियम घालते काय? तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने डफ घेतला आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या (निर्गम १५). त्याच लोकांनी पुढे सोन्याच्या वासरापुढे नाच केला, तेव्हा मोशेने पाट्या फोडल्या (निर्गम ३२). हेरोदाच्या मेजवानीतील नाचाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बळी घेतला (मार्क ६). आणि दावीद कोशापुढे अंगात असेल नसेल तेवढ्या शक्तीने नाचला. पाय तेच, डफही तेच. नाच कोणापुढे आहे आणि तो आपल्याला कोठे नेतो, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून दाविदाची ती मिरवणूक आपण नीट पाहू. तिच्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, दावीद त्या दिवशी राजेपण विसरला. तो तागाचा एफोद घालून साऱ्या लोकांबरोबर नाचला. आपल्या वराती मात्र पुष्कळदा उलट्या निघतात. साध्या घरातला मुलगा त्या दिवशी राजा होतो, आणि त्याच्या राजेपणासाठी बाप कर्ज काढतो. डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा हादरतात, गल्लीतील आजारी माणूस आणि तान्हे मूल यांची झोप जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली आहे. पण शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा त्याहून किती जुनी! दारूबद्दल तर काय लिहावे? ज्या वरातीत नवरीच्या बहिणींना जीव मुठीत धरून चालावे लागते, ती आनंदाची मिरवणूक नव्हे.

दुसरी गोष्ट, दाविदाची मिरवणूक भाकरीने संपली. कोश जागेवर ठेवल्यावर त्याने लोकांना आशीर्वाद दिला आणि जमलेल्या प्रत्येकाला, पुरुषाला तशीच स्त्रीला, भाकरीचा वाटा दिला. कोणी रिकाम्या हाताने परतला नाही. नंतर तो आपल्या घराण्याला आशीर्वाद देण्यास गेला. मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या बाया, पत्रिका न मिळालेले शेजारी, यांना आपल्या वरातीच्या शेवटी काय मिळते? केवळ कचरा काय?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय समाजाची एक रीत आहे. लग्नानंतर वधूवर व वाजंत्री पुढे चालतात आणि मागून पाहुण्यांबरोबर वाटेवरची माणसेही नाचत सामील होतात. त्या मागच्या लोकांना 'दुसरी रांग' म्हणतात, आणि साऱ्या मिरवणुकीलाच ते नाव पडले आहे. याच लोकांच्या पूर्वजांना गुलामगिरीत रविवारी एका मैदानात जमून वाजवण्या-नाचण्याची मुभा असे. आपल्याकडेही वाटेचा प्रश्न संपलेला नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित वराची वरात पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली. तेव्हा ज्यांना वाट नाकारली गेली त्यांनी वाटेवर आनंदाने चालणे ही लहान गोष्ट नाही. पण आपल्याला वाट मिळाल्यावर आपल्यामागे दुसऱ्या रांगेला जागा आहे काय, हेही पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. मीखल खिडकीतून पाहत होती आणि तिने दाविदाला मनात तुच्छ मानले. आपण तिला नेहमी दोष देतो, आणि तिचे बोलणे बोचरे होतेच. परंतु याच पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा. तिला पलटीएल नावाच्या नवऱ्यापासून तोडून आणले होते आणि तो रडत रडत तिच्यामागे चालत आला होता. खिडकीत उभ्या असलेल्या त्या स्त्रीच्या मनात काय होते, हे मिरवणुकीतील कोणी विचारले नाही. रागाला रागाने उत्तर मिळाले आणि घर तुटले ते तुटलेच.

आता लूकच्या शुभवर्तमानातील बाप पाहा. वडील मुलगा शेतातून येतो, वाद्यांचा व नाचाचा आवाज ऐकतो आणि रुसून बाहेर थांबतो. बाप काय करतो? वाद्ये बंद करत नाही, आणि "राहू दे त्याला बाहेर" असेही म्हणत नाही. तो स्वतः बाहेर येतो व मुलाची समजूत घालतो. आमचा देव असा आहे.

त्या रात्री येळ्ळूरला हेच घडले. वडिलांचा उपदेश आणि तरुणांचा वाद चालू असता वर स्वतः उठला. हलगी घेऊन तो आजोबांपुढे खाली बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही नको म्हणालात तर वाजणार नाही. आम्ही तशीच गीते गात घरी जाऊ." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजोबांनी हलगी हातात घेतली, कातड्यावर बोट वाजवून पाहिले आणि म्हणाले, "गार पडलीया. इस्तव आणा." चुलीच्या जाळावर त्यांनी ती स्वतः शेकली. मग कोणाच्या हुकुमाने नव्हे, कोणाच्या भाकरीसाठी नव्हे, तर आपल्या नातवासाठी ते वाजवू लागले.

मुले लेझीम खेळली. हरकत घेणारे वडील नाचले नाहीत, पण कंदील धरून पुढे चालले. दहाच्या आत वरात उंबऱ्याशी पोहोचली. तेथे त्याच वडिलांनी प्रार्थना केली, आणि उरलेले जेवण गल्लीत घरोघर गेले.

हलगी वाजलीच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. जे आजोबा शेवटपर्यंत नकोच म्हणतील, त्यांचा नकारही तितकाच पवित्र मानावा. ख्रिस्ताने दिलेली मोकळीक वाजवण्याची आहे आणि न वाजवण्याचीही आहे. आमचे म्हणणे एवढेच की पाठमोरे बसलेल्याला सोडून वरात पुढे जाऊ नये.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. दाविदाच्या नाचाचा धडा शिकवताना मुलांना मीखलची खिडकीही दाखवा, आणि विचारा, "आपल्या घरच्या आनंदात बाहेर कोण राहिले आहे?" उत्तर मुलांना ठाऊक असते.

हे प्रभू, काना गावच्या लग्नाला तू आलास, तसा आमच्या लग्नांनाही ये. आमच्या मुलांचे पाय शुद्ध वाटेवर ठेव. आमच्या वृद्धांच्या जखमा आम्हाला दिसू दे. आणि तुझ्या घराच्या उंबऱ्याशी आम्ही सर्व एकत्र पोहोचावे असे कर. आमेन.