निर्मनुष्य दरीतील माणसे

घरातील कॅलेंडरवर डोंगर, नदी आणि हिरवे कुरण असलेले चित्र आपण कितीदा पाहतो. त्यात माणूस नसतो, म्हणूनच ते आपल्याला अधिक निर्मळ वाटते. ही दृष्टी आपल्याला ज्यांनी दिली, त्यांत एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक निसर्गचित्रकार मोठे होते.

अल्बर्ट बिअरस्टाट या अमेरिकन चित्रकाराने १८६५ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीचे भव्य तैलचित्र रंगवले. उंच कडे, संथ नदी, सोनेरी उजेड; माणूस एकही नाही. जणू ही भूमी नुकतीच घडली आहे.

प्रत्यक्षात या दरीत आवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ओकच्या झाडाची फळे दळून ते अन्न करीत. ठरावीक काळाने झुडपे जाळून कुरणे मोकळी ठेवीत. चित्रकाराला जी अस्पर्श वाटली, त्या भूमीच्या देखणेपणात या लोकांचे कष्ट मिसळले होते. १८५१ साली एका सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांची घरे आणि धान्याचे साठे जाळले, त्यांना हुसकावून लावले. बिअरस्टाट तेथे आला तो बारा वर्षांनी, १८६३ साली.

दोष चित्रकाराचा का? त्याने कोणाला हाकलले नव्हते. त्याच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रात शोशोनी लोकांची वस्तीही दिसते. शिवाय कार्लटन वॉटकिन्स यांच्या छायाचित्रांसारख्या कलाकृतींनी या दरीविषयी प्रेम निर्माण केले. १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी तिला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. ते झाले नसते, तर कदाचित तेथील वृक्षांवर करवत चालली असती.

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. निर्मनुष्य म्हणजेच पवित्र, असे एकदा ठरले की तेथे राहणारा माणूस स्वतःच्याच भूमीत उपरा ठरतो. जे आवानीची परत आले, त्यांच्या वंशजांचे तेच झाले. १९६९ साली उद्यानातील त्यांची अखेरची वस्तीही पाडण्यात आली.

मग अशा चित्राचा आनंद घेणे पाप आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सौंदर्याकडे पाठ फिरवल्याने कोणाचे घर परत मिळत नाही. पण राखलेल्या भूमीचे कौतुक करायचे आणि ती राखणाऱ्याचे नावही विचारायचे नाही, ही कृतघ्नता आहे. कॅलेंडरवरचे पान उलटण्यापूर्वी आपण एवढे तरी विचारावे : येथे कोण राहत होते, आणि ते कोठे गेले?