कर, पूर्त आणि लोहमार्ग

विहीर खणणे, तलाव बांधणे, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारणे या कर्मांना ‘पूर्त’ अशी संज्ञा देऊन धर्मशास्त्राने त्यांना यज्ञयागादी ‘इष्टा’च्या पंक्तीस बसविले, आणि तसे करताना द्रव्य ज्याचे, इच्छाही त्याचीच असावी, ही अट न बोलता गृहीत धरली. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया आणि सोमनाथ येथे जी धर्मकृत्ये केली, त्यांचा खर्च दौलतीच्या खजिन्यावर न टाकता खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या मिळकतीच्या, उत्पन्नातून भागविला, तो याच विवेकाने. नगरात लोहमार्ग बांधणाऱ्या आजच्या सरकारला मात्र खासगी नाहीच. त्याच्या तिजोरीतील बहुतेक पैसा कायद्याच्या बळावर वसूल झालेला असतो. मग सक्तीच्या द्रव्यातून घडलेले लोकोपयोगी काम धर्म्य ठरावे कशाच्या आधारे?

मुंबईने हा प्रश्न दोनदा अनुभवला आहे. 1874 साली घोड्यांची ट्राम धावू लागली, तेव्हा तो एका कंपनीच्या नफ्यातोट्याचा मामला होता. 1907 साली ती विजेवर चालू लागली, 1947 साली महापालिकेच्या मालकीची झाली, आणि 31 मार्च 1964 रोजी कायमची बंद पडली. पुढे अर्धशतकाने, 2014 साली, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वडाळा ते चेंबूर मोनोरेल सुरू केली. 2019 साली ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचली, परंतु अपेक्षिलेले उतारू तिला कधीच लाभले नाहीत, आणि 2025 च्या सप्टेंबरात सुधारणेसाठी सेवा स्थगित करावी लागली.

अशा कामावर कराचा पैसा घालू नये, हे आक्षेपकाचे म्हणणे म्हणूनच झिडकारता येत नाही. मुंबई, पुणे, नागपूर येथे घर घेणाऱ्यास मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो, मग तो त्या गाडीत पाऊल ठेवो वा न ठेवो. गडचिरोलीचा मजूर बाजारातील जिनसांवर जो अप्रत्यक्ष कर देतो, त्याचाही अंश राज्याच्या भांडवलात मिसळतो. दिलीप राजाच्या करवसुलीचे समर्थन करताना कालिदासाने पाणी शोषून सहस्रपटीने परत देणाऱ्या सूर्याचा दाखला दिला. पण पाऊस तरी बऱ्याच मोठ्या मुलखावर पडतो, रूळ मात्र एका रेषेवर पडतात, आणि त्या रेषेलगत जी जमीन आहे तिचा भाव मालकाने काडीचेही श्रम न करता चढतो.

तथापि हाच काटा रस्त्यांनाही लावला पाहिजे. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा पथकर माफ झाला. तो बोजा अखेर सरकारी तिजोरीवर, म्हणजे मोटार नसलेल्यावरही आला, तरी त्यास फारसे कोणी तोट्यातील प्रकल्प म्हटले नाही. तिकिटाचे उत्पन्न दिसते म्हणून गाडीची तूट दिसते. उड्डाणपुलाला तिकीटच नसल्यामुळे त्याची तूट हिशेबाच्या वहीत चढतच नाही. शिवाय गाडीने गेलेला प्रत्येक मनुष्य न गेलेल्यासाठी रस्त्याची जागा मोकळी करतो, आणि मोटार घेण्याची ऐपत नसलेल्या मोलकरणीला दूरचे काम धरता येते. हे लाभ खरे आहेत, पण उतारू मिळाले तरच खरे आहेत.

या विचाराचा निष्कर्ष मला असा दिसतो की, कर हे दान नसल्यामुळे त्यातून बांधणाऱ्यास दात्याचे पुण्य मागता येत नाही; त्याची भूमिका ठेव सांभाळणाऱ्या विश्वस्ताची आहे, आणि विश्वस्ताला शिलान्यासाचा मान नसून जाब द्यावयाचा असतो. लोहमार्गामुळे ज्यांच्या जमिनीचा भाव चढला त्यांच्याकडून त्या वाढीचा न्याय्य हिस्सा घ्यावा, स्थानकापर्यंत पायी पोचता येईल असा पदपथ राखावा, आणि कर्ज काढून काम केले असेल तर ते फेडणाऱ्या पुढील पिढीच्या हाती मोडकी नव्हे, चालती गाडी पडेल एवढी देखभालीची तरतूद आरंभीच करावी. एवढे पाळले तर तूट सोसणे हा राजधर्माचाच भाग होय. न पाळता केलेली सक्तीची वसुली मात्र, तिच्यातून कितीही देखणे स्थानक उभे राहिले तरी, रयतेवरचा जुलूमच ठरेल.